डाव्या अंगाची धार

सुगराबाई तडवीनं आधी नडगीच दाखवली.
तीन वण, तिरपे, एकाखाली एक.
"हे तुह्याच कोयत्याचे," म्हणाली,
"बाकी लोखंड चांगलं हाय तुहं."

सावद्याच्या स्टँडमागे माझी भट्टी.
अर्ध्या तालुक्यातली केळीची पिलं
माझ्या पात्यानं कापतात, असं मी टपरीवर सांगतो,
आणि ते खोटं नाही.
पण बाई डावखुरी,
आणि माझं एकूणएक पातं उजव्या हाताचं.
उतार उजव्या अंगाला, डावं अंग सपाट.
डाव्या हातानं मारलं की उतारच बुंध्यावर आपटतो,
पातं उडतं
आणि पायाची वाट धरतं.
वीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नाही.
मीही कुणाच्या नडग्या पाहत नाही.

केळीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला,
कोळसा दिला तिच्या हातात. काढ.
तिनं हवेतच दोनदा वार करून पाहिले,
मग एका दमात रेघ ओढली.
टोकाकडे वजन, नाक जरासं खाली,
मूठ लांब, मुठीच्या शेवटी आकडा,
चिकानं पंजा बुळबुळीत होतो म्हणून.
मी म्हटलं, दुमडणारा करू का, पिशवीत मावेल?
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
की मी भाता मारायला लागलो.

पाटा एसटीचा, भंगारातून किलोवर घेतलेला.
चोपडा रस्त्याचे खड्डे खाऊन
अंगात आलेली ती एक अढी असते,
तापवून, ठोकून आधी ती मोडावी लागते.
मुठीपासून नाकापर्यंत एकच पट्टी,
सहा सूत रुंदीचा दांडाही त्याच हाडाचा.
जोड नाही, वितळणी नाही.
स्पीकरमधलं जुनं चुंबक लावून पाहत होतो,
ते धरेनासं झालं की तेलात.
तेल शेंगदाण्याचं, भज्यांच्या गाडीवरून आणलेलं,
त्यामुळे पातं बुडालं की सगळ्या स्टँडला भूक लागते.

पहिलं पातं तेलात टिंग बोललं.
चीर, केसाएवढी, पाठीपासून पोटापर्यंत.
घाई माझी.
ते भट्टीमागे उभं केलं आणि दिवसभर
त्याच्याकडे पाठ करून बसलो.

दुसरं निभावलं.
तापल्या सळईवर पाठ टेकवून रंग चढू दिले.
पाठीला मोरपिसाचा निळा आला,
धारेपर्यंत पोचला दादरच्या कडब्याचा पिवळा,
तिथंच पाण्यात दाबलं.
अडलो ते ग्राइंडरवर.
पातं उलटं धरायचं, उतार डावीकडे पाडायचा,
आणि हात आपोआप जुन्या बाजूला वळायचे,
सासरी आलेली म्हैस जुन्या गोठ्याकडे वळते तसे.
शेवटी जाग्यावरून उठलो,
चाकाच्या पलीकडे जाऊन बसलो.
तिथून माझीच भट्टी मला ओळखू येईना.

मूठ अंजनाची, तीन पितळी रिबिटी.
घासणं तिच्या पंज्याच्या मापानं,
जिथं अंगठा बसतो तिथं एक खळगा.

बाजारच्या दिवशी आली. बोलली नाही.
मागच्या बागेत घड उतरलेलं एक खोड होतं,
त्याला डाव्या हातानं दिला.
आवाजही झाला नाही धड.
खोड जरा उभंच राहिलं, मग विचार करून पडलं.
"पाहू," म्हणून मी घेतलं,
सवयीनं उजव्या हातात,
शेजारच्या पिलावर मारलं.

पातं उडालं.
पँट फाटली, वर थोडी कातडी.

सुगराबाईनं हसू दाबलं नाही.
मग ठरल्या पैशातले पन्नास कमी मोजले
आणि मी काही म्हटलं नाही.
संध्याकाळपर्यंत चीक काळा पडला,
तिच्या पात्यावर आणि माझ्या पँटीवर
सारखाच.
तो डाग धुऊन जात नाही.